घाटात गाडी नेताना वाटणारी भीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात गाडी शिकवते. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं लायसन आधीच निघालेलं असतं. गावात चालवतात, पुण्यापर्यंतही जातात. पण मे महिन्यात घरच्यांना घेऊन कोकणात जायचं ठरलं की फोन येतो, "ताई, घाटाचं काय करू?" शेजारच्या सीटवर बसून घाबरणाऱ्यांचे फोन येतात, घाबरणाऱ्या माणसाला सोबत न्यायचं आहे अशांचेही येतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

1. हायवेला मी बिनधास्त चालवते. मग घाटातच हातपाय का गळतात?

हायवेला पुढचा अर्धा किलोमीटर दिसत असतो. घाटात वळण सरेपर्यंत पुढं काय आहे ते कळत नाही, आणि एका अंगाला दरी असते. खोल जागा दिसली की अंग सावध होतं. ते प्रत्येकाचं होतं, तुमचं जरा जास्त होतं एवढंच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटरवर आहे आणि पोलादपूर पार खाली पायथ्याला. आंबेनळी घाटाचा रस्ता ही सगळी उंची जेमतेम 40 किलोमीटरांत उतरतो. अशा रस्त्यावर मन दचकलं तर ते बिघडलेलं नाही.

मात्र भीती आणि धोका यांचं माप एक नसतं. हायवेला 100 च्या वेगात झालेली चूक सावरायला वेळच मिळत नाही, तरी तिथं आपल्याला काही वाटत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये 20-25 च्या वेगानं चाललेली गाडी थोड्याच अंतरात थांबते. हे नुसतं वाचून भीती जात नाही. मी शिकणाऱ्यांना मोकळ्या उतारावर 20 च्या वेगात ब्रेक दाबून गाडी थांबवायला लावते, मग खाली उतरून ती किती अंतरात थांबली ते पावलांनी मोजायला लावते.

2. घाटात श्वास अपुरा पडतो, कान गच्च होतात. उंचीमुळं होतं का?

कान गच्च होतात ते उंचीमुळं. चढता-उतरताना हवेचा दाब बदलतो. आवंढा गिळला, जांभई दिली, गोळी चघळली की कान मोकळे होतात. तान्ह्या बाळाला उतरताना पाजलं की त्याचंही काम होतं.

श्वासाचं तसं नाही. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, आणि आपल्या सह्याद्रीतलं सगळ्यांत उंच कळसूबाईचं शिखरसुद्धा 1,646 मीटरच आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याच घाटात हवा कमी पडत नाही. श्वास अडकतो तो आपण छाती आवळून भराभर वरवरचा श्वास घेतो म्हणून. त्यावरचा उपाय 11 व्या प्रश्नात आहे.

3. उतारावर ब्रेक लागले नाहीत तर? ही एकच भीती डोक्यातून जात नाही.

या भीतीला आधार आहे, म्हणून नीट सांगते. ब्रेक अचानक दगा देतात असं क्वचितच होतं. होतं ते असं, की माणूस अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. ब्रेक तापतात, पकड कमी होते, फार तापले तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

माझ्याच बाबतीत हे झालेलं आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कुंभार्ली घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये, सतत ब्रेक दाबत उतरवत होते. निम्म्यात जळका वास यायला लागला. मला वाटलं बाहेरून येतोय, म्हणून काच वर केली, तर वास वाढला. पुढच्या रुंद जागेला गाडी घेतली. सासरे काही न बोलता उतरले, रस्त्याकडेचा एक दगड उचलून त्यांनी पुढच्या चाकापुढं लावला आणि म्हणाले, "अर्धा तास बसू. चहा आहे का थर्मासमध्ये?" त्या दिवशी ते ओरडले असते तर मी परत घाटात गाडी घातली नसती.

तेव्हा नियम हा : गाडी ज्या गिअरमध्ये तो चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरवायची. बहुतेक घाटांत तो दुसरा, तीव्र वळणाला पहिला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वेग पडला की सोडायचा. गिअरही उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करू नका. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून एक्सलेटर सोडला की इंजिनला इंधन जायचंच थांबतं, न्यूट्रलला मात्र जात राहतं. आणि इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका. ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

जळका वास आलाच तर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका. पेडल अगदीच खाली जायला लागलं तर ते भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला, चारीत घाला. पत्रा चेपेल. तो ठोकून काढता येतो.

4. चढावर थांबावं लागलं आणि गाडी मागं घरंगळली तर?

हँडब्रेक ओढा. हाफ क्लचवर या, एक्सलेटर थोडा द्या, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. एवढंच आहे, पण हाताला बसेपर्यंत सराव लागतो. घराजवळच्या चढावर रविवारी सकाळी 20 वेळा करा. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, तो दोन-तीन सेकंद गाडी धरतो. तुमच्या गाडीत आहे की नाही ते घाटात जाण्याआधी बघून घ्या.

5. समोरून एसटी किंवा ट्रक आला की हात थिजतात. कुठं बघायचं?

ट्रककडं बघू नका. नजर जिथं जाते तिथं गाडी जाते. आपल्या डाव्या कडेची पट्टी आणि गाडी जाणार ती मोकळी जागा, एवढंच बघा. वळणाआधी हॉर्न द्या, काच थोडी खाली ठेवा म्हणजे समोरच्याचाही ऐकू येईल. कोपऱ्यावर गोल आरसा असेल तर त्यात पाहा.

यू आकाराच्या वळणाला एसटीला अख्खा रस्ता लागतो. तिथं तिच्याशी जागा वाटून घ्यायला जाऊ नका, अलीकडेच थांबा. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे. उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं. समोरचा नियम पाळत नसेल तरी तुम्ही थांबा. हक्क सांगायची ती जागा नव्हे.

6. मागचे हॉर्न मारून जीव खातात. त्यांच्यासाठी वेग वाढवू का?

नाही. पुढं रुंद जागा दिसली की डावा इंडिकेटर द्या, कडेला घ्या, त्यांना जाऊ द्या. चार-पाच गाड्या गेल्या की मग निघा. माझ्याकडच्या मुलींना पहिल्या घाटात मी हे मुद्दाम पाच-सहा वेळा करायला लावते. मागच्याचं दडपण उतरलं की निम्मी भीती उतरते, असं मी फार जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

7. मी चालवत नाही, शेजारी बसते. दरी दिसली की तोंडातून किंकाळी निघते आणि नवरा चिडतो. काय करू?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. चालवणाऱ्याच्या हातात स्टीअरिंग असतं, पुढं काय होणार ते त्याला आधी कळतं. शेजारच्याच्या हातात काहीच नसतं, म्हणून भीती तिथं जास्त. नसलेला ब्रेक पायानं दाबणारी माणसं मी रोज बघते.

दोघांनी घरी बसून, निघायच्या आदल्या रात्री बोलायला हवं. "मला घाटाची भीती वाटते. तुमच्या चालवण्यावर अविश्वास नाही, पण वाटते." हे वाक्य गाडी घाटात शिरल्यावर उपयोगी पडत नाही. ठरवायचं ते असं : भीती वाढली की एकच शब्द बोलायचा, "हळू" किंवा "थांब", आणि तो ऐकल्यावर चालवणाऱ्यानं कारण न विचारता वेग कमी करायचा. किंकाळीनं चालवणारा दचकतो आणि त्या दचकण्यात खरा धोका असतो; ठरलेल्या शब्दानं तो दचकत नाही.

जागाही बदलून बघा. आपली गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते, त्यामुळं दरी डावीकडं असेल तेव्हा शेजारच्या सीटखालीच पोकळी असल्यासारखं वाटतं. तेवढ्या टप्प्यापुरतं मागं, उजव्या बाजूला बसा. दुसरी कुणी पुढं बसेल. डोळे गच्च मिटून बसण्यापेक्षा रस्त्यावर नजर ठेवलेली बरी. मिटल्या डोळ्यांना प्रत्येक वळण दुप्पट वाटतं.

8. आमचे हे घाटात वळणावर ओव्हरटेक करतात. सांगितलं तर म्हणतात, तू उगाच घाबरतेस.

तुम्ही उगाच घाबरत नाही. समोरचं दिसत नसताना ओव्हरटेक करणं, सलग पिवळी रेघ ओलांडणं, घाटात फोन हातात घेणं, उतारावर न्यूट्रल करणं, यांची भीती वाटायलाच हवी. तिच्यावर श्वासाचे उपाय करू नका.

बोलायचं ते चहाच्या थांब्यावर, गाडी उभी असताना. घरातल्या ज्या माणसाचा शब्द ते मानतात त्यांच्या समोर. "मी घाबरते" असं म्हणू नका; "मागच्या वळणावर समोरून बस आली असती तर मुलं गाडीत होती" असं घडलेलं सांगा. तरीही ऐकत नसतील तर घाटमाथ्यावर मुलांना घेऊन उतरा आणि एसटीनं खाली या. त्या मार्गावरचे चालक तोच घाट रोज चढतात-उतरतात. यात भांडण होईल हे मला माहीत आहे. तरी सांगते, उतरा.

9. सासूबाई घाट लागला की मोठ्यानं रामरक्षा म्हणतात, कधी रडतात. मुलं घाबरतात.

रामरक्षा म्हणू द्या. ओवी, श्लोक लयीत म्हणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, आणि 11 व्या प्रश्नात मी जे सांगते तेच घडतं. त्यांच्याबरोबर मुलांनाही म्हणायला लावा. खोपोलीकडून जुन्या रस्त्यानं बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी कथा आहे. माझी आजी तिथं नाणं टाकल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही, आणि टाकल्यावर पदर सारखा करून शांत बसायची.

मुलांना आधीच साधं सांगा, "आजीला घाटाची भीती वाटते, म्हणून आपण हळू जाणार आहोत." न सांगता लपवलं की मुलांना वाटतं खरंच काहीतरी वाईट होणार आहे. आणि सासूबाईंना "काही होत नाही हो" असं दर वळणाला म्हणू नका. "अजून दहा मिनिटं, मग पोफळी आली, तिथं थांबू," असं म्हणा. पुढची जागा कळली की माणूस धीर धरतो.

10. मुलांना घाटात उलट्या होतात, त्यानं माझंच लक्ष उडतं.

डोळ्यांना गाडी स्थिर दिसते आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ती हलतेय असं कळतं, या गोंधळानं मळमळतं. मोबाइल, चित्रांचं पुस्तक बंद. मागच्या सीटवर मधोमध बसवा, पट्टा लावा, समोरच्या रस्त्याकडं बघायला सांगा. घाटाआधी वडापाव नको. कोरडी पोळी, आलेपाक चालतो. पिशव्या मुलांच्या हातापाशी ठेवा आणि ते काम दुसऱ्या मोठ्या माणसाकडं सोपवा. तुम्ही चालवत असाल तर मागं वळून बघायचं नाही, गाडी थांबवायची. उलटीच्या गोळ्यांविषयी 12 वा प्रश्न वाचा.

11. ऐन घाटात छातीत धडधडायला लागलं, हात थरथरले, तर काय करायचं?

डावा इंडिकेटर. वेग कमी. वळणावर थांबू नका, वळण सरल्यावर रुंद जागा मिळेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये जात राहा. हात थरथरत असले तरी तेवढं अंतर गाडी नेता येते. थांबल्यावर हँडब्रेक, गिअर, चारही इंडिकेटर. काच खाली. गाडीतल्यांना सांगा, "मला दहा मिनिटं द्या."

मग श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं, खोल श्वास ओढत बसायचं नाही. ओढत बसलं की बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. तळवे मांडीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या : कठडा, करवंदीची जाळी, मैलाचा दगड, आपला आरसा. अशी लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. ती थांबवायला धडपडू नका, ओसरू द्या.

ओसरल्यावर शक्य असेल तर पुढचे दोन-तीन किलोमीटर तुम्हीच चालवा. तिथंच किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली की मन "घाट मला जमत नाही" एवढंच लक्षात ठेवतं. पण थरथर थांबतच नसेल तर हट्ट करू नका.

एक सावधगिरी. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर ती भीती आहे असं गृहीत धरू नका. 108 ला फोन करा. पोलिसांची किंवा इतर तातडीची मदत 112 वर मिळते, राष्ट्रीय महामार्गावर 1033. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून शेवटची रेंज कुठं होती ते लक्षात ठेवत जा.

12. भीतीची गोळी घेऊन चालवलं तर चालेल का?

डॉक्टरांना "मी गाडी चालवणार आहे" हे सांगितल्याशिवाय कोणतीच गोळी नको. भीती कमी करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी आणि उलटीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, हातापायांचा वेग मंदावतो. शेजारी बसणाऱ्यानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतली तर प्रश्न नाही. "थोडी घेतली की धीर येतो" म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊच नका.

13. सराव कुठून सुरू करू?

जिथं समोरून गाडी येत नाही किंवा कमी येतात तिथून. कसारा घाटात चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे, म्हणून नाशिककरांना तो सोयीचा. पुण्याच्या मुलींना मी कात्रजचा जुना घाट सांगते, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा रस्ता. आमच्याकडं यवतेश्वर, तो हाताला बसला की पसरणी. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातला, कोरड्या रस्त्यावर जायचं. पहिल्यांदा फक्त शेजारी बसून. दुसऱ्यांदा चढ तुम्ही चालवायचा, उतार दुसऱ्यानं. तिसऱ्यांदा दोन्ही तुम्ही. मुलं, सामान आणि सासर घेऊन पहिलाच घाट आंबेनळी किंवा वरंधा नको.

एकदा करून महिनाभर थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून. दर आठवड्याला एक, असं सहा आठवडे करा.

14. पावसाळ्यात, धुक्यात जावं का?

भीती वाटणाऱ्यानं जुलै-ऑगस्टमध्ये नवा घाट निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दरडी कोसळतात, वरंध्यासारखे घाट बंद ठेवायचे आदेशही निघतात, म्हणून निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहा. आंबोलीत, ताम्हिणीत धुकं दाटलं तर दिव्यांचा झोत खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळणार कुठं ते मागच्याला कळत नाही. धबधब्यासमोर रस्त्यात थांबू नका. आणि अंधार पडायच्या आत घाट संपेल असं घरून निघा.

15. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडीला 3 ऱ्या प्रश्नातला नियम कसा लावायचा?

ऑटोमॅटिकमध्ये दांडा डी वर (नेहमीच्या चालीवर) सोडून उतरू नका. एल (खालचा गिअर), किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर. एएमटी गाडी (जिच्यात क्लच आणि गिअर यंत्रच बदलतं ती) चढावर थांबल्यावर किंचित मागं येऊ शकते, म्हणून हँडब्रेक वापरा.

इलेक्ट्रिक गाडीत एक्सलेटर सोडला की मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते. एक अपवाद ध्यानात ठेवा : महाबळेश्वरात बॅटरी 100 टक्के भरून लगेच उतरायला लागलात तर तिच्यात वीज घ्यायला जागा नसते, आणि ते रोखणं कमी होतं. उतरायचं असेल तेव्हा 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

16. बसच्या अपघाताची बातमी पाहिल्यापासून घाटाचं नावही नको वाटतं.

2018 च्या जुलैत आंबेनळीत बस दरीत गेली तेव्हा माझ्याकडच्या तिघींनी शिकणं सोडलं होतं. दोघी पुढच्या वर्षी परत आल्या. अशा वेळी बातम्या, व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहणं बंद करा आणि 13 व्या प्रश्नातल्या पहिल्या पायरीपासून, नुसतं शेजारी बसून, सुरुवात करा.

स्वतःचा अपघात झाला असेल, तो प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडाली असेल, किंवा या भीतीपायी माहेरी, लग्नाकार्याला जाणंही बंद झालं असेल, तर समुपदेशकाकडं जा. पायरीपायरीनं भीतीला सामोरं जायचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर आहे. फोन मोफत, मराठीतून बोलता येतं.

17. घाट टाळून लांबच्या रस्त्यानं गेलं तर काय बिघडलं?

काही बिघडलं नाही, एखाद्या वेळी. आजारी माणूस सोबत असेल, पाऊस असेल, तुमची झोप झाली नसेल, तर खुशाल टाळा. मुंबई-गोवा रस्त्याला कशेडीचा घाट आता बोगद्यातून टाळता येतो, तसा टाळा. पण दर वेळी टाळत गेलं की भीती वाढत जाते. वर्षातून एकदा तरी, चांगल्या हवेत, लहान घाट ठेवा.

काहींना उलट बोगद्याची भीती असते. त्यांनी आत शिरायच्या आधी गॉगल काढावा, दिवे लावावेत, भिंतीकडं न बघता पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडं बघावं.

18. सह्याद्री जमला. आता मुलांना घेऊन गाडीनं लेहला जाऊ का?

तिथं 2 रा प्रश्न उलटा होतो. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे आणि वाटेतल्या खिंडी त्याहून उंच. तिथं लागलेली धाप, डोकेदुखी, मळमळ भीतीची समजून श्वास मोजत बसू नका. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय. पोचल्यावर दोन दिवस विश्रांती घ्या, लहान मुलांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि पहिल्या खेपेला त्या रस्त्यांवर रोज चालवणारा स्थानिक चालक घ्या, तुम्ही शेजारी बसा.